यमू, मला तुझी आई हवी होती

यमू, तुझा पाट बाजारातल्या बायकांनी दहाव्यापर्यंत धुऊन, भिंतीला उभा करून ठेवला होता. तोवर तिथं कोणी बसायचं नाही असं त्यांनीच ठरवलं, आणि ठरवण्यात सगळ्यात पुढं कोण होतं म्हणशील, तर तुझी पारूकाकी. एक नवीन बाई कोळंबीची टोपली घेऊन आली, जागा मोकळी दिसली म्हणून टेकायला गेली, तर पारूकाकीनं तिला अशी झापली की बिचारी टोपली उचलून थेट गेटापाशी जाऊन बसली. "आमच्या यमूची जागा हाय ती. डोळं फुटलं काय?" मी तिथंच उभी होते. तुला वाटेल मला भरून आलं. नाही गं. माझा जळफळाट झाला. माझ्या मागं असं धुऊन ठेवण्यासारखं काय आहे? संस्थेच्या ऑफिसात एक खुर्ची आहे. मी चहाला उठले तरी तिच्यावर दुसरं कोणीतरी बसतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी खरं बोलते, कारण तुझ्याशी खोटं बोललेलं तुला लगेच कळायचं आणि मग तू नाक फुगवून हसायचीस. मी तुझ्यावर जन्मभर जळले. तुझ्या रूपावर थोडी, तुझ्या केसांवर बरीच, आणि तुझ्या आईवर सगळ्यात जास्त. मला ती हवी होती. तू गेलीस त्या दिवशी ती तुझ्या उशाशी बसून "माजी लेक गेली गो, मना सोरून गेली" म्हणून रडत होती, आख्खी गल्ली गोळा झाली होती, आणि मी भिंतीला टेकून मनात म्हणत होते, एवढं सगळं रडणं हिच्या एकटीच्या वाट्याला.

आपली ओळख शिवीनंच करून दिली. म्युनिसिपाल्टीच्या शाळेत आपण दोघी मुलांच्या रांगेत उभ्या राहायचो. तू माझगावच्या कोळ्यांची, मी घोडपदेवच्या चाळीतली, बाप गिरणीत, गाव मालवणकडे. मागून कोणी 'ए बायल्या' अशी हाक मारली की आपण दोघी एकदम वळायचो. तिथंच आपली मैत्री झाली. पुढं 'छक्का' आला, मग 'पावणेआठ' आला, पोरं दरवर्षी नवीन काहीतरी शोधून आणायची. तू त्यांना उलट अशा काही शिव्या घालायचीस की मास्तरसुद्धा खिडकीतून आत डोकं घ्यायचे. मी मान खाली घालून घरी जायचे. तुला शिव्या घरून मिळालेल्या होत्या, चांगल्या घट्ट, बाजारात घासलेल्या. आमच्या घरी कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, सगळे बाबांच्या पाळीच्या हिशोबानं झोपलेले असायचे.

मग गिरण्यांचा संप झाला. लोक संपाचं सांगतात तेव्हा चूल कशी विझली ते सांगतात. खरंच आहे. पण तुला नि मला संपानं एक रिकामी खोली दिली, हे आपण कोणाजवळ बोललो नाही. आई धाकट्यांना घेऊन गावी गेली, अर्धी चाळ गेली. मला शाळेसाठी ठेवलं. बाबा दिवसभर सभा, मोर्चा, नाहीतर नुसतेच गिरणीच्या गेटावर. दुपारी कडी लावली की ती दहा बाय बाराची खोली आपली. आईच्या पेटीत दोन साड्या राहिल्या होत्या. मी नेसले तर निऱ्या पोटावर ढिगासारख्या गोळा झाल्या. तू मात्र हात मागं नेलेस, काष्टा खोचलास, गुडघ्यापर्यंत घट्ट, कोळणी नेसतात तशीच, तेही पाचवारी साडीत. बाबांच्या दाढीच्या आरशात स्वतःला बघून म्हणालीस, "आयेसारखी दिसते ना गो?"

दिसत होतीस. मी कोणासारखी दिसत होते ते मात्र तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. येताना तू कागदात मांदेली आणायचीस, कधी बोंबील. ते तळून आपण दोघी साड्या नेसूनच खायचो. संपाच्या त्या दिवसात आमच्या मजल्यावर मासळीचा वास फक्त आमच्या खोलीतून यायचा. शेजारची वैनी एकदा दारातून म्हणाली, बाप संपावर आणि पोराचे चोचले बघा. त्या चोचल्यांनी मला जगवलं, यमू. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता ते बाजारातलं. आपल्या बाजारात पुरुष विकायला बसत नाही. बर्फ ओढेल, टोपल्या उतरवेल, धक्क्यावरून माल चढवेल, पण पाटावर कोयता घेऊन बसायचं ते बाईनं. ती जागाही बाईकडून बाईकडेच जाते, सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला. तुझ्या आईला, हिराबायला, ती तिच्या सासूकडून मिळाली. बर्फाच्या पाण्यात बसून बसून तिचे गुडघे गेले, आणि घरात दोन मुलगे. थोरला होडीवर, बिनलग्नाचा. आणि दुसरी तू. पारूकाकी म्हणजे आईची सख्खी जाऊ, तिला दोन लेकी, ती त्या जागेवर डोळा ठेवून होती. सगळा बाजार धरून चालला होता की आता हिराबायची जागा पारूकडे जाणार.

तुला पाटावर बसवायच्या त्या सकाळी मी शर्टपँटमध्ये तुझी टोपली धरून मागं चालत होते. तू आईचं हिरवं लुगडं नेसली होतीस, केसात अबोलीची वेणी. केस अजून पुरते वाढले नव्हते, वेणी आकड्यांनी कशीबशी अडकवलेली. आईनं पाट टाकला, तुला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः मागं गोणपाटावर बसली. बाजार गप्प झाला. मासळी बाजार गप्प होतो हे मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

पारूकाकी उठली. "हिरा, पोरग्याला बसवतंस? बाजाराचा रिवाज इसरलीस?"

तुझी आई कोयत्याची धार बघत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगा असता तर दर्यावर असता. पोरगी हाय म्हणून बाजारात आणली."

झालं. एवढंच. कोणी पुढं काय बोलणार? ती एक हजरजबाबी बाई आणि तिच्या हातात कोयता. तू सुरमई ओढलीस, डोकं उडवलंस, कापं पाडलीस, सगळी एकसारखी. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीनं आपली टोपली जराशी सरकवून तुला जागा करून दिली. पारूकाकी पुटपुटत बसली, आणि थोड्या वेळानं तिनंच तुला सुट्टे मागितले. बारशाला तुझं नाव दुसरंच ठेवलं होतं. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, "काय नाव गं तुझं?" विचारलं, आणि तू तोंड उघडायच्या आत मागून आई म्हणाली, "यमुना."

मी टोपली धरून उभी. ती तिथंच ठेवली आणि निघून आले. तू नंतर रागावलीस, माझ्या मोठ्या दिवशी थांबली पण नाहीस म्हणून. कशी थांबणार होते? दर्यावर जातो तो मुलगा, बाजारात बसते ती मुलगी, तुझ्या आईचं शास्त्र एवढंच होतं, आणि त्यात तू फिट बसलीस. आमच्याकडचं शास्त्र उलटं. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर. त्यांच्या जागेवर मुलगा चिकटवायचा हे माझ्या पाळण्यातच ठरलेलं. शाळा संपली की मला बदली कामगार म्हणून लावून घ्यायचं बोलणंही झालं होतं, तेवढ्यात संप आला. गिरणीची जागा बापाकडून मुलाला. आमच्या घरात लेकीला द्यायला काही नव्हतंच, तर लेक हवी तरी कोणाला होती? तू त्या घरात जन्मलीस आणि मी ह्या घरात, बाकी आपल्यात काय फरक होता ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

बाबांनी मला बघितलं ते एका दुपारी. संप मोडल्यात जमा होता, गेटावर जुन्या लोकांना परत घेतायत म्हणून ते गेले होते आणि लवकर परत आले. कडी लागायची राहिली होती. मी आईच्या साडीत. मारलं नाही. उंबऱ्यावर बसले, चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाले, "गिरण गेली. आता झीलय गेलो. माका काय रवला?" झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. ह्या माणसावर मला कधी नीट रागावता आलं नाही, आणि तीच माझी पंचाईत झाली. रागावता आलं असतं तर लवकर मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी माझी पिशवी दाराबाहेर होती.

तिथून मी एका हिजडा गुरूच्या डेऱ्यात गेले. गुरूनं नाव दिलं, शोभा. पोटाला दिलं, अंगावर घालायला दिलं, चेला करून घेतलं, तिचं ऋण आहेच. आणि तिथं मला पहिल्यांदा एक शब्द मिळाला. 'कोती'. आपल्यासारख्यांना आपापसात म्हणायचा. शिवी नसलेला असा पहिलाच शब्द. मी तो रात्रंदिवस तोंडात घोळवला. तुला सांगायला धावत आले तर तू पापलेटावर पाणी मारत म्हणालीस, "बरा आहे. वाटा घेणार का?" मी तिथंच ठरवलं की हिला पुन्हा काही सांगायचं नाही. अर्थात दुसऱ्या दिवशी परत आले.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्याच सुमाराचं. मी म्हणाले, तुझ्या आईला काही समजलंबिमजलं नाही. तिला जागा पारूकाकीकडे जाऊ द्यायची नव्हती, तिला गरज होती, म्हणून तुला लेक केलं. तू हातातला कोयता खाली ठेवलास. "मग? गरज असली तर काय झालं? तुझ्या आयेला तुझी गरज नव्हती. बघ काय झालं."

असं बोलतात का गं मैत्रिणीला? किती महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस डेऱ्यावर मांदेलीची पिशवी आली, साफ केलेली, डोकी काढलेली. निरोप नाही, काही नाही. मी गुरूला म्हटलं, फेकून द्या. गुरू म्हणाली, वेडी आहेस काय, आणि तळून खाल्ली. मला दोनच आल्या.

तुझं ते वाक्य मला पुढं खूप वर्षं टोचलं. आणि ज्या दिवशी सगळ्यात जास्त टोचलं त्या दिवशी मी तुझ्याच घरी आले. घोडपदेवच्या नाक्यावर गावचा एक माणूस भेटला. त्यानं मला ओळखलं, आधी बिचकला, मग म्हणाला, "आवस गेली मरे तुझी. म्हयनो झालो. तुका कोणी कळवूक नाय?" मी हो हो म्हटलं, जसं काही मला माहीतच होतं. पाय डेऱ्याकडे वळले नाहीत. तुझ्या दारात येऊन उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आधीच तुझ्या आईनं माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं आणि पाण्याचा हंडा चुलीवर चढवला. "सुतकाचं पाणी घे आदी. मग बस." तू मला मोरीत बसवलंस, साडीसकट, आणि डोक्यावरून तांब्यानं पाणी ओतत राहिलीस. माझ्या आईसाठी मी तिथं रडले, तुझ्या मोरीत. बाहेर तुझी आई टॉवेल धरून उभी. पाणी दारापर्यंत आलं तशी ती तुझ्यावर ओरडली, "सटवे, घर भरवतंस काय पान्यानं?"

आता हे ऐकून तू मला वेडी म्हणशील. माझी आई मेलेली, मी ओली, रडतेय, आणि मला वाटलं, मलाही एकदा म्हणाली असती सटवे तर. तुला ती काय काय म्हणायची. सटवे, मेले, भवाने, आणि चिडली की ह्याहून वाईट. लेकीला म्हणतात तसं सगळं. मला कधी एक शब्द वाकडा नाही. "शोभाबाय, च्या घे. शोभाबाय, हा तुकडा घे, मऊ हाय." जेवताना डोक्याकडचा तुकडा तुला, पोटाकडचा मला, कारण मी पाहुणी. पुढं संस्थेत लागल्यावर सभांमध्ये माझं नाव 'आदरणीय' लावून घ्यायला लागले, हार घालायला लागले. मी हार घालून घरी यायचे आणि मनात म्हणायचे, घ्या तुमचं आदरणीय, आणि मला एकदा कोणीतरी भवाने म्हणा.

तरी शब्दांवरून मी तुझ्याशी भांडले ते भांडले. त्यातलं एकही वाक्य मी आज मागं घेणार नाही. माझं कामच ते झालं. पोलीस चौकीत, दवाखान्यात, शाळेत जाऊन सांगायचं की असं म्हणू नका, असं म्हणा. तृतीयपंथी म्हणा, पारलिंगी म्हणा, आणि सगळ्यात सोपं म्हणजे माणूस स्वतःला काय म्हणतो ते विचारा. तू फिस्सकन हसायचीस. "टोपलीतल्या तिसऱ्या मी वाट्यावर विकते. मला तृतीय कशाला करतेस?" तृतीयपंथी म्हणून मिळणाऱ्या सरकारी कार्डाचा फॉर्म घेऊन आले तर त्यात बोंबील बांधून दिलेस. "मग तुला म्हणायचं तरी काय?" "यमू म्हण. नायतर पापलेटवाली म्हण. मला काय कमी आहे?"

आणि तो बोहनीचा दिवस. चाळीतली एक बाई शेजारणीला घेऊन आली, म्हणाली, "ह्या छक्क्याकडे घे, ताजं असतं." मी उभीच होते. माझा शिकवायचा आवाज लागला. ताई, हा शब्द अपमानाचा आहे, असं म्हणू नये, पारलिंगी स्त्री म्हणावं, वगैरे. बाई घाबरली, हातातलं पापलेट टाकून दोघी चालत्या झाल्या. तू माझ्यावर अशी भडकलीस. "बोहनीलाच गिऱ्हाईक पळवलंस. ती ताजं म्हणाली ते ऐकलंच नाहीस तू."

"तिनं शिवी दिली तुला."

"मला नाय लागली."

"तुझ्या मागं आई बसलीय म्हणून लागत नाही," मी म्हणाले. "ती उठून गेली ना, की कळेल तो शब्द किती लागतो."

तू मासळीवर पाणी मारत राहिलीस, मारायची गरज नव्हती तरी. आई मागं बसून सगळं ऐकत होती.

ती बाई थोड्या दिवसांनी परत आली, आणि तुला 'यमूताई' म्हणाली, तेव्हापासून कायम म्हणायची. हे मला तू सांगितलं नाहीस. मला ते तू गेल्यावर पारूकाकीकडून कळलं. का नाही सांगितलंस? एवढी वर्षं. एकदा म्हणाली असतीस, शोभा, तुझं ऐकून ती बाई सुधारली गो, तर तुझं काय जाणार होतं? मी तुला आयुष्यभर सांगत आले की तू किती नशीबवान. तुला एकदाही माझं काही बरं म्हणवलं नाही.

हॉस्पिटलात पण तेच. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि तुला त्यांनी पुरुषांच्या वॉर्डात टाकलेली. बाजूचे पेशंट कूस बदलून बदलून बघतायत. तुझी आई स्टुलावर बसून सगळ्यांना शिव्या देत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या शिव्यांचा काही उपयोग होत नव्हता. तिथं बाजार नव्हता गं. तिथं मी लागले. कागद काढले, नियम सांगितला, मॅट्रनशी बोलले, मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेले, आवाज चढू दिला नाही. संध्याकाळपर्यंत तुला बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली, आणि नर्स तुला 'मावशी' म्हणायला लागली. मी घामाघूम होऊन तुझ्या खाटेशी उभी राहिले, म्हटलं, आता तरी बोलेल. तू पंख्याकडे बघितलंस. "तिकडचा पंखा बरा होता."

मी त्या दिवशी रागानं घरी निघून गेले. आता आठवलं की हसू येतं, आणि हसू आलं की तुझ्यावर परत राग येतो.

त्याच खाटेवर तू मला ते विचारलंस. माझं ते शरीर बदलायचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आली होतीस, हळदीचं दूध घेऊन, पण तेव्हा एक शब्द विचारला नाहीस. आणि आता, इतक्या वर्षांनी, "दुखलं व्हतं का गो फार?" मी म्हटलं, फार. "मग बरं वाटलं?" मी म्हटलं, हो, फार. तू खिडकीकडे तोंड केलंस. यमू, तू पण माझ्यावर जळायचीस काय? तुला हवं होतं काही, जे माझ्याकडे होतं आणि तुझ्या आईच्या शास्त्रात बसत नव्हतं? तेवढ्यात तुझी आई पेज घेऊन आली आणि विचारायचं राहून गेलं. मला उत्तर हो असं हवं आहे. खोटं असलं तरी चालेल.

परवा दहावा झाला. तुझ्या भावानं पिंड ठेवला, कावळा झडप घालूनच आला. बायका म्हणाल्या, यमूचं काही मागं राहिलं नाही. तुझं कसं राहील? राहिलंय ते सगळं माझं. दुपारी माणसं जेवून गेली. तुझी भावजय, आता तीच बसणार तुझ्या पाटावर, नातवाला निजवायला आत गेली. मी मोरीत भांडी घासत बसले. पाहुण्या बाईनं भांडी घासू नयेत असं कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत होते. कोणी म्हणालं नाही. तुझी आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. ऐंशी ओलांडलेली बाई, दहा दिवसात अर्धी झालीय. रडणं संपलं होतं, नुसता आवाज बसलेला.

मला कळत होतं की हे विचारायची ही वेळ नाही. दहाव्याच्या दिवशी कोणी असलं विचारतं का? पण तू मला ओळखतेस. माझ्या पोटात ते तू गेलेल्या दिवसापासून बसलं होतं, आणि खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून. हात धुतले, तिच्या समोर जाऊन बसले.

"आये, मी मेले तर माझ्यासाठी असं रडशील?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "नाय," म्हणाली.

मला वाटलं, मिळालं उत्तर. पदराला हात पुसून उठायला लागले. तिनं माझं मनगट धरलं. मासळी कापणाऱ्या बाईचा हात, अजून सुटत नाही.

"नाय रडणार," ती म्हणाली. "तू माज्या मागनं जायाचं. एका लेकीवर रडले. दुसरीवर माज्याच्यानं नाय व्हायचं."

यमू, तुझ्या दहाव्याच्या दिवशी, तुझ्या घरात बसून, मी सुखानं रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, माझ्या मरणातसुद्धा हिनं आपलं साधून घेतलं. म्हण. मी नाही म्हणणार नाही. फक्त हे ऐकायला तू तिथं कोपऱ्यात बसलेली हवी होतीस, नाक फुगवून, माझ्यावर जळत.